जुनं व्हॉल्व्ह ग्राइंडिंग मशीन पुन्हा उभं करताना: एका गॅरेजचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूर भागातल्या एका इंजिन दुरुस्तीच्या गॅरेजमधलं आहे. मालकांच्या संमतीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, इथेही तेच म्हणतो. त्यांचा पुतण्या डिप्लोमा करून गॅरेजमध्ये आला आहे. मी आयटीआयमध्ये बरीच वर्षं मशिनिस्ट ट्रेड शिकवला. या कामात मी सुरुवातीपासून होतो, त्यामुळे यातल्या चुकांमध्ये माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

अण्णांकडे मुख्यतः ट्रॅक्टरची आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनांची कामं येतात. साखर कारखान्यांचा हंगाम संपला की ट्रॅक्टरवाले इंजिन उघडायला आणतात, आणि पाऊस सुरू होईपर्यंत गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, काम हाताने व्हायचं. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड, म्हणजे सीट, कटरने घ्यायची, मग व्हॉल्व्हला कार्बोरंडम पेस्ट लावून रबरी कपाच्या काठीने घासायचं. व्हॉल्व्हचा फेस, म्हणजे सीटवर टेकणारी तिरकी बाजू, फार खड्ड्यांचा असला की नवा व्हॉल्व्ह घालायचा.

चालू मॉडेलच्या ट्रॅक्टरसाठी हे ठीक होतं. नवा व्हॉल्व्ह बाजारात सहज मिळतो आणि घासण्याच्या मजुरीएवढ्यात येतो. अडायचं ते जुन्या गाड्यांपाशी. गेल्या काही वर्षांत जुन्या पेट्रोल जीप हौसेने दुरुस्त करून घेणारे वाढले. त्यांतल्या हरिकेन इंजिनाची रचना वेगळी आहे. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये बसतात. त्याचे चांगले व्हॉल्व्ह मिळवायला महिना जातो, आणि मिळालेल्या मालाचा भरवसा नसतो. मूळ व्हॉल्व्हचं पोलाद चांगलं असतं, फक्त फेस नव्याने घासायला हवा असतो.

२०२२ च्या पावसाळ्यात इचलकरंजीकडचं एक जुनं गॅरेज बंद झालं. तिथल्या कोपऱ्यात पोत्याखाली एक अमेरिकन व्हॉल्व्ह ग्राइंडिंग मशीन सापडलं. पितळी पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल असं कोरलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतल्या बऱ्याच गॅरेजमध्ये असं यंत्र असे. सू सिटीची अल्बर्टसन, मेरिलँडची ब्लॅक अँड डेकर अशा कंपन्या ती बनवत. त्या काळी व्हॉल्व्ह घासणं हे नेहमीच्या देखभालीतलं काम होतं, त्यामुळे यंत्रं दणकट होती. या यंत्राचं बीडाचं बूड दोघांना उचलेना.

अडचण

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. व्हॉल्व्हची दांडी, म्हणजे स्टेम, एका चकमध्ये धरायची. चक ठरावीक कोनात वळवून हळू फिरवायचा आणि समोर वेगाने फिरणाऱ्या दगडावर व्हॉल्व्हचा फेस घासायचा. कोन अचूक हवा आणि फेस स्टेमशी एककेंद्री हवा. फेसचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला तर व्हॉल्व्ह सीटवर नीट बसतो. अण्णांची अपेक्षा होती की यंत्र साफ करायचं, मोटर चालू करायची आणि कामाला लागायचं. माझीही अपेक्षा फारशी वेगळी नव्हती. इतकं जड, इतकं सुबक यंत्र बघितलं की ते अचूकच असणार असं वाटून जातं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बाहेरून काम करून घेण्याचा. आधुनिक यंत्र असलेलं वर्कशॉप जवळपास होतं, पण हंगामात आठ-दहा दिवसांचा खोळंबा व्हायचा. दुसरा नवं भारतीय बनावटीचं यंत्र घेण्याचा. जीपची आणि जुन्या इंजिनांची मिळून वर्षाला पंधरा-वीस कामं. तेवढ्यासाठी तो खर्च अण्णांना पेलणारा नव्हता. तिसरा पर्याय हे जुनं यंत्र. मालक चौदा हजार म्हणाले.

घेण्याआधी आम्ही तीन गोष्टी पाहिल्या: बुडाला तडा आहे का, स्लाइड अडकते का, स्पिंडल हाताने फिरतो का. तिन्ही ठीक होतं. चौथी पाहायला हवी होती, चक. तो गंजलेला दिसला, पण गंज निघेल म्हणून सोडून दिला. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

यंत्र उभं करताना

सुरुवात विजेपासून केली. वायरींवरचं रबर हात लावताच गळून पडत होतं. अर्थिंग नव्हतंच. ज्या यंत्रावर पाणी वाहतं त्याला अर्थिंग नसणं म्हणजे माणूस गमावण्याचीच तयारी. सगळी वायरिंग नवी केली, तीन पिनांची, आणि मागे ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवला. यावर काहीही वाटाघाट नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मोटरी दोन होत्या आणि दोघींचा निर्णय वेगळा घ्यावा लागला. चक फिरवणाऱ्या छोट्या मोटरला कार्बन ब्रश होते, म्हणजे ती सीरीज मोटर. तिला इथली ५० सायकलची वीज की तिकडची ६० ची याचं देणंघेणं नसतं. तिच्यासाठी ११० व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पुरला. दगडाची मोटर इंडक्शन होती. पुतण्या म्हणाला, "सर, ट्रान्सफॉर्मर आहेच, तीही त्याच्यावरच टाकू." तसं केलं असतं तर ती फिरली असती, पण ६० सायकलची मोटर ५० सायकलवर त्याच व्होल्टला चालवली की तिच्या लोखंडात चुंबकत्व जास्त भरतं आणि ती तापते. व्होल्ट सहाव्या हिश्शाने कमी करावे लागतात, म्हणजे ११५ चे साधारण ९६, आणि तेवढ्या प्रमाणात वेगही घटतो. शिवाय इन्सुलेशन तपासणारा मेगर लावल्यावर वाइंडिंगचं इन्सुलेशन एक मेगओहमच्याही खाली निघालं. ती काढून जतन करून ठेवली आणि जागी अर्ध्या हॉर्सपॉवरची इथली मोटर बसवली.

त्यामुळे वेगाचा हिशोब बदलला. मोटरची पुली ३ इंच, स्पिंडलची सव्वादोन. मूळ मोटर ३४५० फेऱ्यांची, म्हणजे दगड सुमारे ४६०० फेऱ्यांनी फिरत असणार. नव्या २८५० फेऱ्यांच्या मोटरवर तो ३८०० वर आला. ५ इंची दगडाच्या कडेचा वेग त्यामुळे सेकंदाला ३०.६ मीटरवरून २५ वर उतरला. धोका काही नाही, पण कमी वेगावर दगड मऊ असल्यासारखा वागतो आणि लवकर झिजतो. पुढे आम्ही साडेतीन इंची पुली लावून वेग साडेएकोणतीस मीटरपर्यंत नेला. नव्या दगडावर ३३ मीटरची मर्यादा छापलेली होती, तिच्या आत. हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय पुली बदलायची नाही, असं ठरलं होतं. दगड फुटला तर तो समोरच्याच्या तोंडावर येतो.

जुना दगड यंत्रावर तसाच होता, तेल प्यायलेला. अण्णांना तो फेकवेना. "अमेरिकेचा हाय, असला आता मिळायचा न्हाई." लाकडी मुठीने ठोकून पाहिला, तर खणखणीत आवाज यायच्या ऐवजी बद्द वाजला. तिथेच त्याचा विषय संपला. नवा पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, ८० ग्रिटचा घेतला. त्याचं भोक ३१.७५ मिमीचं, ते आमच्या स्पिंडलला जुळेना, म्हणून फ्लँज, म्हणजे दगड दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या, लेथवर नव्याने कातून घेतल्या. दोन्ही बाजूंना कागदी वॉशर घातले. गार्ड गायब होता, तो तीन मिमी पत्र्याचा बनवला. पहिल्यांदा चालू करताना आम्ही सगळे बाजूला उभे राहून मिनिटभर नुसता फिरू दिला.

कूलंटच्या, म्हणजे घासताना वाहणाऱ्या थंड पाण्याच्या, टाकीतून चार घमेली गाळ निघाला. तांब्याची नळी चोंदली होती, ती गरम करून तारेने मोकळी केली. बेअरिंगं बदलली. मूळ राखाडी रंग जिथे टिकला होता तिथे ठेवला, फक्त बूड रंगवलं. या सगळ्याला पावणेदोन महिने आणि यंत्राच्या किमतीसकट एकतीस हजार रुपये लागले. यंत्र फिरू लागलं त्या दिवशी अण्णांनी नारळ फोडला.

पहिलं काम

दुसऱ्याच आठवड्यात एक जीप आली. मी दोन-तीन मेलेल्या व्हॉल्व्हवर सराव करू म्हणालो होतो. अण्णा म्हणाले, "सर, दगड फिरतोय, चक फिरतोय, मशिन झालं की आता." गिऱ्हाईक थांबलं होतं. मी गप्प बसलो. माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात चुकीचा क्षण तोच.

सीट ४५ अंशांची, म्हणून व्हॉल्व्ह ४४ वर घासायचे ठरवले. एका अंशाचा हा फरक मुद्दाम ठेवतात. त्यामुळे व्हॉल्व्ह सीटच्या बाहेरच्या कडेवर बारीक रेघेत टेकतो, लवकर सील होतो आणि चालता चालता ती रेघ रुंदावत जाते. स्केलवर ४४ लावून आठही व्हॉल्व्ह घासले. फेस आरशासारखे दिसत होते.

मग सीटला निळं, म्हणजे टेकलेली जागा दाखवणारा रंग, लावून तपासलं. रेघ उमटली, पण अगदी बाहेरच्या काठाला, केसाएवढी, आणि निम्म्या घेरावर गायबच. आम्ही तिघांनी एकमताने निदान केलं: सीट वाकड्या आहेत. नव्याने घासलेल्या व्हॉल्व्हवर शंका घ्यायचं कुणाच्याही मनात आलं नाही. सीटवर कटर फिरवला. रेघ तशीच. पुन्हा फिरवला. दोन इनलेट व्हॉल्व्ह पाऊण मिलिमीटर आत गेले.

शेवटी अण्णांनी पेस्ट घेतली आणि काठीने घासत बसले. अर्ध्या तासाने सगळीकडे राखाडी पट्टा उमटला. आम्हाला हायसं वाटलं. खरं तर पेस्टने व्हॉल्व्ह आणि सीट दोन्ही खाऊन त्यांची एकमेकांशी जबरदस्तीने ओळख करून दिली होती. गरम झाल्यावर, व्हॉल्व्ह फिरल्यावर ती ओळख टिकणार नव्हती.

दीड महिन्याने जीप परत आली. तिसरा सिलिंडर मिस होत होता, कॉम्प्रेशन बाकीच्यांच्या निम्मं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळून करवतीसारखी झाली होती. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधून बाहेर जाते. केसाएवढ्या आणि तुटक टेकण्यातून ती जाणार कुठून?

दोष शोधताना

अण्णांनी गिऱ्हाइकाला खरं सांगितलं: चूक आमची आहे, खर्च आमचा. मला त्यांचा आदर आधीही होता, त्या दिवशी वाढला. यंत्र मात्र त्यांनी पुन्हा पोत्याखाली झाकलं. मी चार दिवस मागून घेतले.

एकाच वेळी दोन वेगवेगळे दोष होते. एकेक वेगळा करून पाहिल्याशिवाय ते दिसणार नव्हते.

आधी चक. त्यात घासून तयार केलेला सरळ, कडक पोलादी रॉड धरला आणि फिरताना होणारी बारीक डगमग मोजणारं डायल गेज लावलं. चकजवळ ०.०४ मिमी, तिथून ७५ मिमी पुढे ०.११. वाकडा रॉड की चक? रॉडवर आणि चकवर पेन्सिलीने खूण केली, रॉड सैल करून अर्धा फेरा वळवून पुन्हा आवळला. डायलवरची उंच जागा चकच्या खुणेपाशीच राहिली. ती रॉडच्या खुणेबरोबर फिरली असती तर दोष रॉडचा. चक पूर्ण उघडला. आतल्या शंकूवर गंजाखाली दगडाची बारीक भुकटी घट्ट बसली होती, आणि दांडी धरणाऱ्या गोळ्यांपैकी एक चपटी झालेली होती. सगळा संच त्याच मापाच्या नव्या बेअरिंग गोळ्यांनी बदलला. शंकू घासून साफ केला. रीडिंग जवळ ०.०१, पुढे ०.०२.

मग कोन. व्हॉल्व्हचा फेस दोन-तीन मिलिमीटरचा, त्यावर प्रोट्रॅक्टर टेकत नाही. म्हणून लेथवर एक नमुना कातला: १० मिमीची सरळ दांडी आणि डोक्यावर १२ मिमी रुंद शंकू. तो यंत्रावर ४४ च्या खुणेला घासला आणि व्हर्निअर बेव्हल प्रोट्रॅक्टरने मोजला. ४२ अंश २० मिनिटं. स्केलचा काटा कधीतरी वाकून सरळ केलेला होता, नीट पाहिल्यावर त्याच्या मुळाशी हातोडीची खूण दिसली. म्हणजे सीट आणि व्हॉल्व्ह यांच्यात एका अंशाऐवजी पावणेतीन अंशांच्या आसपास फरक पडला होता. काठावरच्या केसाएवढ्या रेघेचं कारण हे, आणि निम्म्या घेरावर ती तुटण्याचं कारण चक. आम्ही दोन्हींचा दोष सीटवर टाकला होता.

तिसरी गोष्ट यंत्राबाहेरची निघाली. जीपच्या दोन व्हॉल्व्हच्या दांड्या गाइडमध्ये, म्हणजे दांडी ज्या नळीत वरखाली होते तिच्यात, चालणाऱ्या भागात झिजल्या होत्या, आणि चकने नेमकं तिथेच धरलं होतं. झिजलेल्या भागात धरलं की चक कितीही चांगला असला तरी फेस दांडीच्या मूळ अक्षाशी जुळत नाही. आता पहिल्यांदा मायक्रोमीटर लागतो. दांडी ०.०५ पेक्षा जास्त झिजलेली असेल तर व्हॉल्व्ह बाद. कमी असेल तर न झिजलेल्या जागी धरायचा.

निष्पत्ती

जीपच्या हेडला दोन इनलेट सीट नव्या बसवल्या, जळका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलला, बाकीचे पुन्हा घासले. या वेळी निळी रेघ सीटच्या बाहेरच्या काठालगत पण अखंड उमटली. पोर्टमध्ये रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी व्हॉल्व्ह कोरडा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं आलं. या फेरदुरुस्तीला नऊ हजार गेले.

त्यानंतरच्या दीड वर्षात यंत्रावर सतरा इंजिनांचे व्हॉल्व्ह घासून झाले. परत आलेलं एकही नाही. बाकीची कामं आधीसारखीच नवे व्हॉल्व्ह घालून होतात, आणि तेच बरोबर आहे. व्हॉल्व्हच्या डोक्याची कड, म्हणजे मार्जिन, घासल्यावर ०.८ मिमीपेक्षा पातळ होणार असेल तर व्हॉल्व्ह यंत्रावर चढतच नाही. पातळ कड लाल होते आणि तिथूनच जळायला लागते.

एक काम परत पाठवलं, ते सांगण्यासारखं आहे. एका परदेशी गाडीचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आले होते, पोकळ दांडीत सोडियम भरलेले. दांडीचं टोक जास्त खाऊन पोकळी उघडली तर सोडियमला पाणी लागतं, आणि आमच्या कूलंटमध्ये पाणीच जास्त असतं. गिऱ्हाईक नाराज झालं. अण्णा म्हणाले, "नाराज झालं तर झालं."

पेस्टवरून अण्णांचं आणि माझं अजून जुळत नाही. एका अंशाचा फरक ठेवून घासलेल्या व्हॉल्व्हवर पेस्ट फिरवली की ती मुद्दाम ठेवलेली बारीक रेघ बसून जाते, असं मी म्हणतो. ते म्हणतात, दोन फेरे फिरवल्याशिवाय मन मानत नाही. सध्या तडजोड अशी: निळ्या रेघेची खात्री झाल्यावर दोन फेरे, त्याआधी पेस्टचा डबा उघडायचा नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

विकत घेताना डायल गेज आणि सरळ रॉड खिशात घेऊन जाईन. दहा मिनिटांचं काम होतं. चकचा दोष तिथेच दिसला असता, आणि यंत्र घेतलं असतं तरी तो उघडण्याचं काम यादीत वर आलं असतं. आम्ही पावणेदोन महिने वीज, दगड, रंग, गाळ यांत घालवले. ती कामं करायलाच हवी होती, पण यंत्र फिरतं की नाही एवढंच त्यांनी ठरवलं. ते बरोबर घासतं की नाही हे तपासायला आम्ही एक दुपारही दिली नव्हती.

स्केलवर विसंबणं ही दुसरी चूक, आणि ती माझ्यासारख्या माणसाने करायला नको होती. आयटीआयमध्ये मी मुलांना सांगत आलो की मशीनवरचा आकडा वाचायचा आणि नगावर मोजायचा. इथे समोर अमेरिकन पितळी पाटी दिसली आणि मी वाचूनच थांबलो.

सगळ्यात जास्त विचार मी सीटवर दुसऱ्यांदा कटर फिरवला त्या क्षणाचा करतो. पहिल्यांदा फिरवणं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण कटर फिरवूनही रेघ जशीच्या तशी राहिली, तेव्हाच सीट निर्दोष असल्याचं कळायला हवं होतं. सीट बदलली, निशाणी बदलली नाही, म्हणजे दोष दुसऱ्या बाजूला. तिथे हात थांबले असते तर हेड वाचलं असतं. व्हॉल्व्ह सीटमध्ये अर्धा फेरा वळवून पुन्हा निळं घेतलं असतं तरी कळलं असतं, कारण तुटकी जागा व्हॉल्व्हबरोबर फिरली असती.

आता यंत्राशेजारी भिंतीवर पुतण्याच्या अक्षरातला एक कागद आहे. दगड ड्रेस केला, म्हणजे त्याची कड घासून सारखी केली का, रॉडचं रीडिंग किती, नमुन्याचा कोन किती, दांडीचं माप किती. प्रत्येक कामाला तारीख आणि या चार नोंदी. गेल्या महिन्यात ७५ मिमीवरचं रीडिंग ०.०२ वरून ०.०३ वर गेल्याचं त्यानेच दाखवलं. चक पुन्हा उघडायचा की आधी स्लाइडची झीज बघायची, हे पाऊस सुरू होऊन गॅरेज मोकळं झालं की ठरवणार आहोत. तोपर्यंत जीपचं कुठलंही काम घ्यायचं नाही, असं अण्णांनी स्वतःहून सांगितलं आहे.